अर्धा आटा

आमच्या कारखान्यात, इंडियानातल्या एल्कहार्टला,
प्रत्येक बोल्टला आपला आकडा असतो.
मी टॉर्क रेंच लावतो, ती कट्ट करते,
मी निळी रेघ ओढतो, पुढची गाडी सरकत येते.
बावीस वर्षं हेच:
चाकांवर घर बसवायचं
आणि वाटेत कुठं निखळू नये एवढं आवळायचं.

क्लॅरिनेटला आकडा नाही.

मंगळवारी संध्याकाळी व्हर्लिन हॉखस्टेटलरच्या तळघरात
जुन्या टॉवेलवर पाच लिगेचर मांडलेली:
पितळी, मुलाम्याचं, काळ्या चामड्याचं, तारेच्या जाळीचं,
आणि एक रबरी, कुठून आलं ते त्यालाही आठवत नाही.
व्हर्लिन इथंच क्लॅरिनेट जोडायचा, कारखाना होता तोवर.
आता तो मला शिकवतो, आणि मी त्याचं फाटक दुरुस्त करतो.

फरक पडतो का रे, मी विचारलं.
तो म्हणाला, भिंतीकडे तोंड कर.

भिंतीत वर एक बुटकी खिडकी,
अर्धी बर्फानं बुजलेली.
मागून एकच स्वर आला, खालचा, जाड.
मग पुन्हा. मग पुन्हा.
हे चामडं, मी म्हणालो. हे पितळ, शंभर टक्के.
हे रबरी, नाही, थांब, जाळीचं.
वळून पाहिलं तर टॉवेलवर चार तशीच,
पाचही वेळा पितळीच होतं.

मग एवढी दुकानं कशाला?
तो माउथपीस पुसत राहिला.
ऐकणाऱ्याला नाही कळत, म्हणाला,
फुंकणाऱ्याला कळतं. किंवा कळल्यासारखं वाटतं.
आता तू फुंक.

मी फुंकत राहिलो, तो स्क्रू फिरवत राहिला.
अर्धा आटा: स्वर ताठ झाला,
नव्या बुटात उभा राहिल्यासारखा.
अजून अर्धा: वेताची ती पाती दातखिळी बसल्यागत गप्प,
नुसता माझाच श्वास.
सैल केल्यावर ती घसरली, फिस्स झाली,
आणि व्हर्लिन खोकेपर्यंत हसला.

गाडी घरापाशी लावून तसाच बसलो.
ज्ञानूमामा आठवला.
इस्लामपूरच्या बँडमधला, खांद्यावर पिवळी झालर,
वरातीच्या आधी ट्रॉलीच्या फळीवर बसून
गोधडीचा दोरा थुंकीनं ओला करायचा
आणि रीडला बांधायचा, बुडाकडून वर, नऊ वेढे.
शेंडा उघडा. शेंड्याला हात लावायचा नाही, म्हणायचा,
बोलतो तो शेंडाच.

किती आवळायचं, मामा?
त्यानं माझी करंगळी ओढली,
तिला तोच ओला दोरा गुंडाळत गेला, गुंडाळत गेला.
पांढरी पडायच्या आत थांबायचं, म्हणाला,
आणि सोडायचा विसरून गेला,
कारण तेवढ्यात ढोल सुरू झाला होता.

पुढच्या मंगळवारी मी खिशातून दोरा नेला,
वॉलमार्टचा, जाड, पांढरा.
आधी करंगळीवर माप घेतलं, मग रीडवर.
गाठ दोनदा सुटली. माझे हात बोल्टचे आहेत.

व्हर्लिन, तिकडे तोंड कर.

तो मुकाट्यानं खिडकीकडे वळला.
बर्फ वितळून तिथं मागच्या वर्षीचं गवत दिसत होतं.
मी खालचा स्वर धरला.
ओठाखाली काहीतरी सुटं झालं होतं,
किंवा झाल्यासारखं वाटलं.
दम संपेपर्यंत धरला.

पितळी, तो म्हणाला. न वळता, खात्रीनं.

मी हो म्हणालो.

सकाळी हातमोजा चढवताना करंगळीवर
नऊ बारीक रेघा होत्या.
रेंच कट्ट वाजली.
मी रेघ ओढली. पुढची गाडी आली.