रकाना क्रमांक नऊ

प्रकल्प अहवालात नववा रकाना असतो:
उद्योजकाची दूरदृष्टी. पाच ओळींत.
मी तो कधीच विचारून भरत नाही.
'जिल्ह्यातील अग्रगण्य उद्योग म्हणून नावारूपास येणे'
हे वाक्य पापडाला चाललं, शेळीपालनाला चाललं,
फ्लेक्सवाल्या पोराला चाललं.
फक्त नाव बदलायचं, आणि खाते क्रमांक.

पवनीच्या तहसीलसमोर माझं दुकान,
एक प्रिंटर, त्याची काळी शाई कायम संपत आलेली.
कौतिका गिरीपुंजे भर दुपारी आली,
हातात जवसाचा पुडा.
"लिवा जी," म्हणाली, "घानीचं."

क्षमता लिहिली. मनुष्यबळ लिहिलं: दीड.
अर्धा म्हणजे दीर, तो धानाच्या दिवसांत नसतो.
खेळतं भांडवल म्हटल्यावर ती हसली,
"खेरते कोठं जी, बसूनच रायते."

मग, प्रिंटर अडकला होता म्हणून असेल,
मी विचारलं: पाच वर्षांनी काय दिसतं तुम्हाला?

तिनं डोळे मिटले.
"दिसत नाही. वास येते.
भंडाऱ्याची शेवटची गाडी फाट्यावर थांबते,
लाईन गेली असते, गाव दिसत नाही,
आन उतरला मानूस नाकानं घरी जाते.
माहा बाप घानी हाके तवा असंच होतं."

बाई, हे टायपिंगमध्ये बसत नाही, मी म्हटलं.
आणि उगाच थोडं शहाणपण:
घाण्याचा बैल जन्मभर चालतो, पोचतो कुठं?
"झापड बैलाच्या डोऱ्याले होती जी,
बापाच्या नाही."

त्यावर मी गप्प. मग एकेक विचारत गेलो
आणि उत्तरं त्या वासातूनच येत गेली.
नागपूरचं जुनं एक्सपेलर, निम्म्या किमतीत?
"नको. तेल तापते, वास जरते."
लाकडी घाणी, मोटर लावून?
"हाव. पन हळू."
मॉलवाल्यांना सहा महिने टिकणारं लागतं.
"महिन्यात खवट होते. खोटं कायले बोलू?"
मग बाजार?
अड्याळ, कोंढा, आसगाव. ताजं पोचेल तेवढाच.
जवस उभ्या धानात ओलीवर फेकलेलं,
आणि दोन रुपये चढ्या भावानं घ्यायचं,
नाहीतर लोक फेकणंच सोडतील
आणि वास कशाचा येणार?

दिवे लागले तेव्हा सात रकाने बदलले होते.
नफा खाली आला होता.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
एक अहवाल वाचून मला माणूस ओळखू आला असता.

बँकेनं तो परत पाठवला.
समासात लाल पेन: दूरदृष्टी अस्पष्ट.

जुनं वाक्य टाकून देतो, मी म्हटलं, मंजूर होईल.
ती थांबली. बराच वेळ.
बोटांनी पुड्याचा कागद चुरगळत राहिली,
चार दाणे टेबलावर सांडले, तिनं ते टिपून घेतले.
"टाका," म्हणाली. "कागदावर तुमचं राहू द्या.
माहं माह्यापाशी आहे."

कर्ज झालं. अग्रगण्य उद्योग म्हणून झालं.

परवा मी शेवटच्या गाडीनं येत होतो.
फाटा आला. लाईन गेलेली.
एक म्हातारा उतरला, काळोखात शिरला.
वास आला नाही.
"आज घानी बंद," कंडक्टर म्हणाला,
मी काही विचारलंही नव्हतं,
"बाजाराचा दिवस आहे ना, बाई तिकडंच."
म्हणजे तोही हुंगत होता.

गाडी सुटली. पौषातली थंडी.
मागून कुणी म्हणालं, काच लावा ना भाऊ.
हाव, हाव, म्हणालो,
आणि पवनीपर्यंत
लावली नाही.