दाराबाहेर

फाईल आतच राहिली, टेबलावर.
आम्ही बाहेर आलो. नियमच आहे:
आता फक्त घरचे बोलणार.

व्हांगानुईतली सकाळ. कॉफी निवलेली.
रात्रभर गाडी चालवत आलेल्या पानियामावशीचा
आवाज चढतो, मग कुणीतरी रडतं,
मग बराच वेळ काहीच नाही.

मूल्यमापनाच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
हिनेवाई, वय चौदा. अबोल.

दार किलकिलं होतं. तीच उभी.
"पेन द्या. आतलं संपलंय."

कागद परत आला तेव्हा
'अबोल' खोडलेलं,
शेजारी तिरपं, घाईचं अक्षर:

कुणी विचारलं नव्हतं.
कुठेही पाठवा, पण धाकट्याला
माझ्याच खोलीत झोपवा.
तो बूट घालून झोपतो.
काढू नका.