मखमल

एक, जुनी बँक.
तिजोरीच्या खोलीत आता न्याहारी मिळते,
हातभर जाड लोखंडी दार कायमचं उघडं
आणि आत फोटोतली बाई चमच्यानं
उकडलेल्या अंड्याचं टोपण उडवते आहे.
न्हाणीघर काचेचं. म्हणजे सगळंच काचेचं.
"अगं बाई," सुलूवन्सं म्हणाल्या,
"वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी?"

दुसरं, कोटांचा कारखाना होता म्हणे.
खिडकीशी पितळी पायांचा टब,
पलंगावर मोहरीच्या रंगाची लोकरी घोंगडी.
खोल्यांना आकडे नाहीत, कापडांची नावं,
ट्वीड, मलमल, मखमल.
रात्रीला साठ पौंड जास्त,
बहुधा नावांचेच.

तीन आठवडे आम्ही कॉव्हेंट्रीत
माझ्या ओट्यावर ग्लासगो निवडतोय.
शेजारी मेथीची जुडी, तीही निवडायची.
वन्सं चष्मा कपाळावर सारून
बोटांनी फोटो ताणतात,
"गादी उचलून बघता येत नाही का गं?"

त्यांचा दादा, म्हणजे आमचे हे,
एकतीस वर्षं मला मोटारवेच्या कडेला निजवत आले.
दोन बिस्किटं, दोन साखरेच्या पुड्या,
किटली एवढीशी, की एकानं थांबायचं.
"पाठ टेकायला जागा हवी. झालं."
टेकली की पाचव्या मिनिटाला घोरायचे,
बाहेर लॉऱ्या, आत हे.
फेब्रुवारीत पाठ टेकली
ती टेकलीच.

जूनमध्ये त्यांच्या पेन्शनचा फरक आला.
चारशे बारा पौंड, काही पेन्स.
वन्सं म्हणाल्या, बॉयलरला घालशील तर याद राख.

"बँकच घेऊ या," मी म्हटलं.
न्याहारी धरून आहे. स्टेशन जवळ.
काचेला टॉवेल लावू.
तिथे दोन पलंग आहेत, हे मी म्हटलं नाही.
मखमलमध्ये एकच, हेही नाही.
वन्सं मेथीच्या काड्या मोडत राहिल्या,
कोवळ्या इकडे, जून तिकडे,
मग मान वर न करता विचारलं,
"दादा कुठल्या बाजूला निजायचा?"
"डावीकडे."
"मग मी उजवीकडे. घे ते मखमल."

फॉर्मनं विचारलं, मुक्कामाचं निमित्त?
मधुचंद्र. वाढदिवस. कामकाज. इतर.
'इतर'वर टिचकी मारली तर
खाली रिकामी चौकट उघडली, कृपया सांगा.
वन्संनी एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं,
नणंद-भावजय.
कोण वाचणार होतं, कोणाला कळणार होतं!

तर शुक्रवारी रात्री, मखमलमध्ये,
टबात पाय सोडून आम्ही चकल्या खाल्ल्या.
दिवा मालवला. पाचव्या मिनिटाला
उजवीकडून घोरणं सुरू झालं.
तोच वर चढणारा सूर,
तीच मध्येच अडकलेली खर्र,
तेच थांबणं, की आपण श्वास धरावा,
आणि मग, हुश्श, पुन्हा.
त्यांच्या घराण्याचं.
मी डावीकडे, त्यांच्या जागेवर,
कितीतरी वेळ जागी.

सकाळी बारीक पावसात बँकेवरून गेलो.
तांबड्या दगडाला पाणी चढलं होतं.
वन्सं खिडकीला नाक लावून उभ्या,
आत तिजोरीचं दार, अंडी, पांढरे रुमाल.
"काच," त्या म्हणाल्या,
"काच काही एवढी वाईट नसती."