वेझेना

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी
आमच्या गल्लीत कशालाच दुसरा वास नसतो.
दोरीवरच्या चादरींना, टपालवाल्याच्या टोपीला,
लग्नाला निघालेल्या मुलीच्या केसांनासुद्धा
भाजक्या मिरचीचाच.
खाली ब्रेगाल्निकेच्या काठी कोचानीचं भात पिवळं पडतंय,
सकाळी स्वेटर लागतो, दहाला तो कुंपणावर जातो,
आणि त्रेंदाफिला मावशी पत्र्याच्या चुलीत
द्राक्षवेलीच्या काटक्या सारत मला बजावते:
पाण्याखाली साल काढू नकोस.
बोटं भाजतील, भाजू देत.
चव वाहून गेली तर परत येत नाही.

चूल पेटवण्याआधीच तिने
टोपल्या उपसल्यात, एकेक मिरची उजेडात फिरवलीय,
आणि सर्वांत देखण्या सात बाजूला काढल्यात.
त्या खायच्या नाहीत.
तिचा नवरा स्लावे दरवर्षी कुरकुरतो,
चांगलं ते पाहुण्यांना, उरलंसुरलं आम्हाला.
पाहुण्यांना नाही रे, ती म्हणते,
मार्च महिन्याला.

या मिरचीला इथे वेझेना म्हणतात, भरतकाम केलेली.
लाल सालीवर करड्या बारीक रेघा,
आडव्या, तुटक, जणू कुणी घाईत टाके घातलेत.
मी त्यांवर बोट फिरवते आणि थांबते.
श्तिपच्या कारखान्यात अकरा वर्षं कॉलरी शिवल्या मी,
दिवसाला तीनशे ऐंशी,
सगळ्या सारख्या, म्हणून सगळ्या पास.
कारखाना बंद झाला तेव्हा माझ्याकडे उरली
एक कात्री
आणि सरळ शिवायची खोड.

या उन्हाळ्यात ठरवलं, ही नक्षी कापडावर उतरवायची.
लाल जाडंभरडं कापड, करडा दोरा.
चार वेळा भरलं, चार वेळा उसवलं.
माझ्या रेघा शहाण्या मुलींसारख्या
रांगेत उभ्या राहतात.
मावशीला दाखवलं. तिने चष्मा कपाळावर नेला, म्हणाली,
हे तू भरलंयस. मिरची काही भरत बसत नाही.
आतला गर सालीहून भराभर वाढतो,
साल पुरत नाही, तडकते,
आणि तडकलेलं सांधत राहते, जमेल तसं.
एवढंच.
मग वांगी उलटायला निघून गेली.

मी कढईपाशी.
तीन तास ढवळायचं. डाव ओढला की तळ दिसतो
आणि मिटतो. दिसतो, मिटतो.
मध्येच एक बुडबुडा फुटून मनगटावर उडतो,
मी शिवी घालते, डाव सोडत नाही.
ज्या क्षणी तळ दिसून राहील,
मिटायचं विसरून,
त्या क्षणी आयवार झालं.
स्लावेने पावाचा तुकडा कढईच्या कडेवरून फिरवला
आणि कुरकुर तोंडातच राहिली.

संध्याकाळी त्या सात जणींची पाळी.
मावशी पोट चिरते, मी नखाने बी मोकळं करते,
कागदावर पसरते, उन्हात नाही, फडताळाच्या वर,
जिथे मांजर चढत नाही.
वाळलं की वीजबिलांच्या जुन्या पाकिटांत,
वर पेन्सिलीने साल,
खाली मावशीचं गिचमिड अक्षर: तिखट. जपून.
दोन पाकिटं चुलतबहिणीला, एक त्या नव्या डॉक्टरीणबाईंना,
ज्यांनी अजून कुंडीसुद्धा घेतलेली नाही.

रात्री कापड पुन्हा मांडीवर घेतलं.
या वेळी आधी ब्लेडने चिरलं, कुठेही, न मोजता.
हात कापत होता; अकरा वर्षांत
कापड वाया घालवल्याचे पैसे कापून घेत.
मग एकेक चीर सांधत गेले.
पहिली रेघ वाकडी आली.
दुसरी पहिलीला न विचारता आली.
तिसरीसाठी सुई ओवताना डोळा चोळला,
आणि हात तीनदा धुतले होते तरी
मिरचीने ओळख दिली.

एका डोळ्याने रडत, दुसऱ्याने दोरा शोधत
मी खुर्चीतून उठले, नळाकडे धावले, स्टुलाला अडखळले.
भिंतीपलीकडून स्लावेने विचारलं, काय झालं गं?
काही नाही, मी ओरडले,
भरतकाम चाललंय.