डाव्या कानाचं

पहिले घेतले दीडशेचे, पाचव्या गल्लीच्या तोंडाशी
हातगाडीवरून. वायरवाले.
एकवीरेच्या देवळापर्यंत टिकले.
तिथे घामाने सुटले आणि गळ्यात लोंबत राहिले
सरकारी डॉक्टरच्या नळीसारखे.

दुसरे बिनवायरचे. पांढरे, वाटाण्याएवढे.
उजवा बसला.
डावा तिसऱ्याच मिनिटाला उडाला,
पांझरेच्या कठड्यावरून खाली.
मोबाइलच्या उजेडात शोधला मी
बाभळीच्या काट्यांत, ओल्या वाळूत.
एक म्हैस शांतपणे बघत होती.
सापडला नाही.
बॅटरी संपेपर्यंत
नदीशी बोलला असेल काहीबाही.

मग आग्रा रोडला, अकीलभाईंच्या दुकानात.
त्यांनी काचेवर सगळं मांडलं:
लहान, मध्यम, मोठं रबर,
कानामागून वळणारा आकडा,
माशाच्या परासारखं काहीतरी, आत अडकवायचं.
म्हणाले, लावा आणि मान हलवा, ताई.
जोरात. नाही म्हणतो तशी.

भर बाजारात उभी राहून
मी बारा वेळा नाही म्हटलं.
बघायला आलेल्यांपुढे
एकदाही जमलं नव्हतं.

उजवा प्रत्येक वेळी राहिला.
डावा प्रत्येक वेळी पडला.
कान बारीक आहे का हो डावा?
बारीक नाही, म्हटलं. बंद आहे.
लावते आपली, जोडीत मिळतो म्हणून.

सहाव्या वर्षी फुटला तो.
अख्खा पावसाळा वाहत होता,
आई लसणाचं तेल कोमट करून सोडायची.
पडद्याला भोक आहे, डॉक्टर म्हणाले,
तोवर दिवाळी आली होती.
त्या श्रावणात तिने कानबाईला नवस केला.
मला वाटायचं, कानबाई म्हणजे कानाचीच बाई.
रोटाचा पहिला तुकडा
मी खाल्ला नाही, कानाला लावून ठेवला.

नंतर शिकले.
वर्गात डाव्या भिंतीला बसायचं,
लग्नाच्या पंगतीत डावं टोक धरायचं,
त्या बाजूने कोणी बोललं तर हसायचं
आणि बेताने मान डोलवायची.

अकीलभाई काही बोलले नाहीत.
वाकले, काउंटरखालून एक खोकं काढलं,
फुंकर मारली.
हे कानात जातच नाही, म्हणाले.
गालाच्या हाडावर बसतं, मानेमागून येतं.
कान मोकळा. मागून ट्रक आला तर कळतो.
बत्तीसशे. दोन हप्त्यांत द्या.
काय लावू?

गाणी नव्हतीच फोनात फारशी.
आईचा कालचा निरोप होता, तोच लावला.

*माय, उपाशीपोटे पळू नको वं.
आन रस्ता दखीसन पळ.*

उजवीकडून आला, रोजच्यासारखा.
आणि डावीकडून.
डावीकडून आई.
दारातून नाही,
एकोणतीस वर्षं बंद आहे ते दार.
भिंतीतून.
दाढेच्या मुळातून, कानशिलातून,
जिथे कोणी कधी हाक मारली नव्हती
तिथून
*वं.*

आवाज जास्त झाला का, ताई?
अकीलभाई घाबरले असावेत.
मी मान हलवली. जोरात.
पडलं नाही.

आज पहाटे पावणेपाचला निघाले.
लळिंगचा डोंगर अजून अंधारात होता.
वाळूचा ट्रॅक्टर मागून आला, बिनदिव्याचा.
तो उजव्यानेच ऐकला,
डाव्याला बाहेरचं अजून काही कळत नाही.
बाजूला झाले, धूळ खाल्ली,
पुलावर निरोप संपला,
परत लावला.

आईला सांगितलेलं नाही.
सांगितलं तर नवस फेडायला काढेल,
माणशी सव्वा मूठ गहू मोजेल,
आणि मला विचारेल,
त्या कानात पहिला शब्द कोणाचा पडला?
मग तिला काय सांगू,
तूच मला उपाशी पळू नको म्हणत होतीस
आणि मी उपाशीच होते.