वस्तीची गाडी

पहिली कोंबडी लंगडली तेव्हा वाटलं,
घुशीच्या बिळात पाय गेला असेल.
दुसऱ्या दिवशी ती आडवी,
एक पाय पुढे, एक मागे,
धावताना कुणी फोटो काढावा तशी.
डोळे उघडे. दाण्याकडे बघत होती.

लाखांदूरहून डॉक्टर हटवार आले.
पक्षी फाडून मांडीतली शीर दाखवली,
एकीकडची सुतासारखी, दुसरीकडची सुजून दोरखंड.
"मरेक्स. पिसाच्या मुळाशी पिकतो,
कोंड्यासंगं गळतो, धूळ होऊन उडतो.
शेड झाडलं तरी जाळीवर, बल्बवर, तुमच्या ओढणीवर
महिनोन्महिने बसून राहतो."

दोनशे पिल्लं टोचलेली घेतली होती.
शंभर स्वस्तातली, बाजारातून. तीच पडत होती.
"लस रोग अडवते, बाई, रस्ता नाही.
टोचलेली ठणठणीत फिरते
आणि अंग झटकते तेव्हा त्याची धूळ झटकते."

मी खाली वाकले आणि कळ आली.
बरगडीखाली चार दिवसांपासून आग,
तिच्यावर फोडांची माळ.
केवळाबाईनं गेरू लावून दिला होता,
"नागीण आहे. तोंडाले शेपटी भेटू देऊ नको."
हटवार म्हणाले, मी गुरांचा डॉक्टर,
तुम्ही दवाखान्यात जा.
पण ही त्याच घराण्यातली.
लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?

झाल्या होत्या.
रूपचंदनं शाळेतून आणल्या, तिसरीत.
एका बोऱ्यावर आम्ही दोघं,
दाराला निंबाचा डगाळा, घरात फोडणी बंद.
दिवसभर एकमेकांचे फोड मोजायचे.
तो म्हणे माझे एकशे बारा.
मी मोजले तर शंभरही भरेनात.
मग म्हणे, तुले पाठीवरचे दिसत नाहीत.

"त्या गेल्या नाहीत," दवाखान्यातली पोरगी म्हणाली,
"कण्याजवळ, शिरेच्या मुळाशी निजल्या."
मला आमची वस्तीची गाडी आठवली.
रात्री नऊला येते, ग्रामपंचायतीपुढे उभी राहते.
कंडक्टर मागच्या सीटवर पाय पसरतो,
टपरी बंद होते, कुत्रं चाकाला टेकून झोपतं,
गाव विसरतं की गावात गाडी आहे.
माझी छत्तीस वर्षं उभी होती.
मी लग्न केलं, मोडलं, परत आले,
तीनशे कोंबड्यांचं शेड उभं केलं,
ती जागची हलली नाही.
मग चार रात्री मेलेले पक्षी चुन्यात पुरत जागले
आणि कुणीतरी किल्ली फिरवली.

रूपचंद चार वर्षांपूर्वी गेला.
रोवणी चालू होती, बांधीत वीज पडली.
पूर्वा तेव्हा दोन वर्षांची.
आता माझ्याजवळ झोपते, हात माझ्या बरगडीवर टाकून.
मी फडकं बांधत होते. झोपेत ते सरकत होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी,
"आत्या, हे पाण्याचे मणी कुठून आले?"
गावात दुसऱ्या कुणालाच नव्हत्या.
दवाखान्यातली पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली,
तुमच्याकडून.

त्याचे कपडे आम्ही जाळले होते.
मोबाईल वितळून गेला होता, त्यात त्याचा आवाज.
सायकल वहिनीनं विकली.
मी रात्रभर उलटं मोजत बसले,
पूर्वाचं माझ्याकडून, माझं त्याच्याकडून,
त्याच्या हातचं एवढंच एक जिवंत उरलं होतं
आणि ते मी न विचारता त्याच्या लेकीला दिलं.
लाज वाटली. नंतर जे वाटलं
त्याला लाज म्हणता येणार नाही.

शेडला चुना मारला. जाळी जाळून घेतली.
टोचलेल्या कोंबड्या अंडी देतात,
उन्हात पंख पसरून अंग झटकतात,
तिरपीत धूळ दिसते. मी तोंडाला ओढणी लावते.

फोडणी यावेळी बंद केली नाही.
निंबाचा डगाळा मात्र लावला.
पूर्वा बोऱ्यावर बसून बोटानं मोजते,
थांबते, विसरते, पोटापासून पुन्हा मोजते.
"एकशे अकरा!"
झोपेत मी मोजले होते. ऐंशीच्या आत.
"पाठीवरचे तुले दिसत नाहीत, आत्या," म्हणाली.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.