तिसरं एस्टिमेट

जिनगोंडा मगदूमांना चार मजले हवेत,
सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर.
खाली हळदीची पेढी, वरचे तीन भाड्याला.
पहिलं एस्टिमेट त्यांनी परत पाठवलं: महाग.
दुसरं परत पाठवलं: एवढं स्वस्त कसं काय?
हे तिसरं. रविवार.
पंखा बंद, कागद उडतात म्हणून.

भिंत, नऊ इंची.
लाल वीट, असं लिहिते. खोडते.
भट्टी कुठली ते मला ठाऊक आहे.
नदीकाठच्या मळीची ती पट्टी,
जिथल्या वांग्यांसाठी माझी आत्या
मिरजेहून एसटीनं यायची,
देठाचे काटे बोटानं तपासून घ्यायची.
आता तिथं पुरुषभर खड्डा,
खड्ड्यात पाणी, पाण्यात एक बगळा,
धुराकडे पाठ करून.

राखेची वीट, असं लिहिते.
राख परळीहून येणार.
ट्रक वाटेत दोनदा जेवायला थांबणार.
तेवढं डिझेल कुठल्या रकान्यात घालू?
छापील फॉर्मात 'लांबून' असा रकाना नाही.

चुना म्हटलं तर घाणी आली,
गूळ आला, हिरडा आला, मुरवणं आलं.
हणमंत नलवडे टाकी खाली ठेवून म्हणाले,
"म्याडम, चुना मुरंल ओ.
तवर मालक मुरंल का?"

काच: पुढची अख्खी बाजू, पश्चिमेला.
मी म्हटलं, एप्रिलात चार वाजता आत बसून बघा.
एसी आहे की, म्हणाले.
लाईट गेली तर?
जनरेटर आहे की.
त्यांच्या प्रत्येक 'की'ला माझ्यापाशी
एक छज्जा होता, एक जाळी होती,
शेवटी एक कडुनिंब.
कडुनिंबाचं भाडं किती येईल,
हे मात्र मला सांगता आलं नाही.

मग मी हरिपूरची पेवं काढली.
माती खणून, उसाचा पाला अंथरून
लोकांनी वर्षानुवर्षं हळद ठेवली,
सिमेंटचं एक पोतं नाही लागलं.
मगदूम म्हणाले, "आणि पाणी आलं तेव्हा?"
"गेली."
शेजारच्या गोडाऊनवर पुराची तपकिरी रेघ होती,
माझ्या डोक्याच्या हातभर वर.
आम्ही दोघंही तिच्याकडे न बघता
बराच वेळ उभे होतो.

जागेवर त्यांच्या वडिलांची तेलगिरणी आहे, बंद.
पाडकाम, एकरकमी, असं मी आधीच लिहिलं होतं.
त्या दिवशी मागची भिंत उतरवत होते.
मगदूमांनी ढिगातली एक वीट उचलली,
दुसरीवर हाणली, आणि कान दिला,
लिलावात हळकुंड मोडताना देतात तसा,
डोळे मिटून, मान थोडी डावीकडे.

खण्ण.

"बाबांनी हिला काय दर दिला असंल?"
"माहीत नाही."
"निघतील किती?"
"शंभरातल्या साठ. सातआठ जणी लागतील,
हातोडी घेऊन, महिनाभर."
"अशा सुट्या कशा निघतायत?"
"चुन्यात बांधल्यात. चुना सोडतो.
सिमेंट सोडत नाही, वीट घेऊनच फुटतं."
त्यांनी वीट खाली ठेवली, हात झटकले,
गाडीपर्यंत गेले, परत आले.
"मग आपण कशात बांधतोय?"

ह्या प्रश्नाला मी अडीच वर्षं थांबले होते,
आणि उत्तर देताना माझा आवाज बसला.

काच राहिली. निम्मी.
जिना सिमेंटचाच, पायाही. तिथं मी भांडले नाही.
सागाच्या कैच्या गिरणीच्याच, वाळवी तपासून.
पार्टिशनं तळमजल्यावर नाहीत;
गेल्या पुरात शेजाऱ्यांच्या जिप्समची लापशी झाली होती.
विटा: जुन्या, हातानं साफ केलेल्या.
दर: कामावर आलेल्या बायांना विचारून.
चुना: मालक मुरेपर्यंत.

शेऱ्याच्या रकान्यात, अगदी खाली, बारीक अक्षरात:
कडुनिंब, नग एक,
पश्चिम बाजू,
मालकाची मंजुरी बाकी.